पाणी झोपवणाऱ्या बाई

आमच्या गल्लीतल्या बालवाडीत रोज सकाळी पाणी झोपवतात. वाचून कोणी हसेल, पण त्याला दुसरं नाव नाही. काचेचं एक पसरट भांडं खोलीच्या मध्ये ठेवायचं, त्यात पाणी ओतायचं, मुलांनी भोवती गोल करून बसायचं आणि पाणी हलायचं थांबेपर्यंत कोणी हलायचं नाही. आता आणखी एक-दोन बालवाड्यांनी हे उचललं आहे असं ऐकतो. मध्यंतरी पालकांच्या सभेत एक गृहस्थ म्हणाले, ही ध्यानाची परदेशी पद्धत आहे, आधीच्या बाई कुठल्याशा शिबिरात शिकून आल्या होत्या. मी तेव्हा मागे एका खुर्चीचा पाय बसवत होतो. उठून सांगावं असं फार वाटलं. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी हातातल्या कामात डोकं घालतो. सभा संपली, खुर्ची नीट झाली, मी घरी आलो.

म्हणून हे लिहितो आहे. लिहायची सवय नाही, तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्यावं. त्या आधीच्या बाईंना विचारूनच लिहितो. त्या म्हणाल्या, "लिहा, पण मला फार चांगली करू नका. वाचवत नाही असलं."

बाई माझ्या डोक्यावर राहतात. म्हणजे मी तळमजल्यावर आणि त्या बरोबर वर. इमारत जुनी आहे. जिना लाकडी, वरच्या मजल्याची जमीनही लाकडी, त्यामुळे वर कोणी चाललं की माझ्या खोलीत कळतं. मी कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झालो, पुढे बायको गेली, मुलगा लांब असतो. बाईंनी लग्न केलं नाही. एक भाची आहे, ती दुसऱ्या शहरात. आमची ओळख जिन्यातली. पाणी आलं का, दिवे गेले का, एवढीच. एकदा त्यांनी जिन्यात मला थांबवलं आणि विचारलं, "भाऊ, तुम्हाला चाकं बसवता येतात का?" मला वाटलं, शिलाई मशीन असेल. निघालं लाकडी बदक. तेव्हापासून बालवाडीची सगळी मोडतोड माझ्याकडे यायला लागली. मुलं मला स्क्रू आजोबा म्हणतात. आयुष्यात मिळालेली एवढी एकच पदवी.

बालवाडी म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला मुलांच्या उंचीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक चित्र: छत्री, किल्ली, मासा, कंदील. लिहिता-वाचता न येणारी ही माणसं आपापली छत्री नि मासा बरोबर ओळखून डबे अडकवतात. खोलीची जमीन जुन्या फळ्यांची. मागच्या दाराबाहेर सिमेंटची मोरी आणि बाथरूम. शेजारच्या खोलीत मोठा गट. दोन्ही गटांना मिळून मदतीला एक मावशी, आणि सगळ्यांच्या वर मोठ्या मॅडम.

पाणी झोपवायचं ते अकराच्या सुमारास, दंगा शिगेला पोचला की. बाई भांडं ठेवायच्या आणि ओठांवर बोट न ठेवता, डोळे न वटारता, नुसत्या पाण्याकडे बघत बसायच्या. गोल घालून बसलेल्या पोरांतली एक मुलगी फार बोलकी होती. तिला सगळे रेडिओ म्हणायचे. तिची समालोचनं चालू असायची.

"बाई, ह्याने पाय हलवला. पाणी उठलं."

"मग पुन्हा झोपवू या."

"हा रोज उठवतो."

"त्याला रागावून पाणी झोपेल का?"

रेडिओ विचार करायची. "नाही. मी मोठ्याने बोलले की ते आणखी जागं होईल."

हळूहळू फळ्या गप्प व्हायच्या. पाणी आधी थरथरायचं, मग नुसतं चमकायचं, मग अगदी काचेसारखं व्हायचं आणि त्यात खिडकी दिसायला लागायची. गोलात बसलेल्यांची डोकी दिसायची. कोणी कोणाला ढकलत नसे, कारण ढकललं की सगळ्यांचीच डोकी मोडायची. एकदा अशाच वेळी रेडिओने कुजबुजत विचारलं, "बाई, पाणी झोपलं की मग जागं कोण असतं?"

बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तूच बघ बरं."

नंतर ते पाणी वाया जायचं नाही. आळीपाळीने एकेकाने ते दारापाशीच्या कुंडीला घालायचं. आणि घरी जाताना प्रत्येकाने दिवसभरात कामाला आलेल्या एका वस्तूला किंवा माणसाला थँक्यू म्हणायचं. कोणी बुटाला म्हणायचं, कोणी घसरगुंडीला. एका मुलाने आपल्या नाकाला म्हटलं होतं, सर्दी बरी झाली म्हणून. कुठल्या देवाचं नाव नाही, श्लोक नाही, की गाणं नाही. मी दारात स्क्रू पिळत हे ऐकायचो. घरी गेल्यावर माझ्या पक्कडीला थँक्यू म्हणावंसं वाटायचं. म्हणत नसे. म्हातारपणी तेवढ्यावरूनही लोक काहीबाही बोलायला लागतात.

पालक खूष होते. फाटकाशी आया बोलत असायच्या ते कानावर पडायचं. "आमची घरी काय करते माहितीये? माझ्यापुढे येऊन उभी राहते. हाताला हात लावते आणि मी बघेपर्यंत थांबते. मग बोलते. पूर्वी नुसती दुसऱ्या खोलीतून किंचाळायची."

"आमच्याकडेही तेच. माझे सासरे म्हणतात, इतकं अदबीने तर माझा मुलगा कधी बोलला नाही."

"बाईंची जादू आहे हो."

मलाही ती जादूच वाटत होती. मग एक दिवस मी व्हरांड्यात तीनचाकी सायकल उलटी करून बसलो होतो. मला पाना हवा होता. बाई पाठमोऱ्या, खुंट्यांपाशी. मी हाक मारली. पुन्हा मारली. माझा आवाज मुळात बेताचा, त्यामुळे मला वाटलं माझंच चुकलं. तेवढ्यात रेडिओ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हाताला हात लावला आणि मी बघेपर्यंत थांबली.

"स्क्रू आजोबा, असं नाही. मागून बाईंना ऐकू येत नसतं. पुढे जायचं."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. आम्हाला माहीत आहे."

"बाईंना माहीत आहे का, तुम्हाला माहीत आहे ते?"

"ते विचारलं नाही," ती म्हणाली आणि पळाली.

मी पाना न घेताच चाक हाताने आवळत बसलो. कारखान्यात मी अशी माणसं पाहिली होती. यंत्रांजवळ उभी राहून कान गेलेली, समोरच्याच्या ओठांवर डोळे लावून बोलणारी. मग एकेक गोष्ट जुळायला लागली. पूर्वी संध्याकाळी बाईंच्या घरातून बातम्या ऐकू यायच्या, पुढे पुढे त्या फार मोठ्याने यायला लागल्या, आणि मग एके दिवशी बंदच झाल्या. मला वाटलं होतं, शेजारच्यांनी तक्रार केली असेल. त्यांनी बातम्याच सोडून दिल्या होत्या.

मी हे कोणाला सांगितलं नाही. पण माझा चेहरा बोलला असावा. दोन-तीन दिवसांनी बाई जिन्यात माझी वाट बघत उभ्या होत्या.

"भाऊ, तुम्हाला कळलंय," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"मोठ्या मॅडमना सांगणार?"

मी मान नाहीची हलवली. त्या पायरीवर बसल्या. मी दोन पायऱ्या खाली बसलो, त्यांना माझं तोंड दिसेल असा.

"कानाचं यंत्र घेतलंय मी. कपाटात आहे," त्या म्हणाल्या. "एक माणूस बोलत असलं तर ठीक. वर्गात लावलं की कोणी भांड्यांचं पोतं जिन्यावरून सोडून दिलंय असं वाटतं. भाचीचा फोन येतो. तिने परवा विचारलं, आत्या, गुडघा कसाय? मी म्हटलं, हो गं, जेवले." त्या हसल्या. "आता मी फोन उचलत नाही. तिला वाटतं, आत्या रुसली."

मग त्यांनीच पाण्याचं सांगितलं. पूर्वी त्या मुलांना डोळे मिटायला सांगायच्या आणि खोली शांत झालेली कानांनी ओळखायच्या. कान गेल्यावर काही कळेना. तोंडं मिटलेली दिसायची, पण कोण टाच आपटतंय, कोण फळ्यांवर डबा घासतंय, काही पत्ता नाही. एकदा टेबलावर पाण्याचं भांडं होतं. एक मुलगा नाचत गेला आणि पाण्यात वर्तुळं उठली. "मला वाटलं, अरे, हे तर माझ्याकडे चुगली करतंय. तेव्हापासून ते मध्ये ठेवलं. माझी सोय म्हणून सुरू केलं, भाऊ. लोक म्हणतात अध्यात्म. मी गप्प बसते."

"पण मुलं तर..."

"हो, मुलं भलतीकडेच गेली. रेडिओ विचारते, जागं कोण असतं? मी वेळ मारून नेली. मला कुठे माहीत आहे?" त्या उठल्या. कठड्याला धरून म्हणाल्या, "सकाळचे तेवढे तास मला कोणी हाक मारतं. ते गेले तर दुसऱ्या दिवशी उठून करायचं काय, हे मला खरंच सुचत नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं."

मी काही तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "तीनचाकी झाली." त्यांनी ओठ वाचले आणि म्हणाल्या, "थँक्यू."

त्या वर्षी मध्येच एक नवा मुलगा आला. गोटी. अंगाने गोल आणि एका जागी न थांबणारा. तो आठवडाभरच आला असेल. त्या सकाळी मावशी त्याला बाथरूमला घेऊन गेली होती. तेवढ्यात मोठ्या गटात कोणाला तरी उलटी झाली, म्हणून ती तिकडे धावली. गोटीने आतून कडी लावून पाहिली. लागली. काढून पाहिली, निघेना.

बाईंना वाटलं, तो मावशीजवळ आहे. त्यांनी भांडं ठेवलं आणि पाणी ओतलं.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या दिवशी पाणी कधी नव्हे इतक्या लवकर झोपलं. एक पाय हलला नाही, एक टाच वाजली नाही. सगळी मुलं ताठ बसलेली, डोळे मोठे झालेले. बाईंना वाटलं, आज काही तरी विशेष घडतंय. इतकी वर्षं आपण ज्याची वाट बघत होतो ते आज खरंच मुलांत उतरलं. त्यांचे डोळे भरून आले.

आणि मागे गोटी दारावर मुठी आपटून रडत होता. सगळ्या मुलांना ऐकू येत होतं. पण पाणी झोपत होतं. पाणी झोपताना उठायचं नाही, बोलायचं नाही, हे बाईंनीच शिकवलं होतं, आणि शहाण्या मुलांनी ते पाळलं. मोरीची जमीन सिमेंटची, तिथला धक्का फळ्यांपर्यंत येत नाही. त्यामुळे पाण्याने या वेळी चुगली केली नाही.

शेवटी रेडिओ उठली. आधी तिने बाईंच्या हाताला हात लावला. बाई पाण्याकडे बघत हसत होत्या, त्यांनी तिचा हात नुसताच थोपटला. तेव्हा रेडिओने दोन्ही पायांनी जमिनीवर उडी मारली. पुन्हा मारली. पाणी भांड्याच्या काठावरून बाहेर आलं. बाईंनी दचकून वर पाहिलं. रेडिओ त्यांच्यापुढे उभी होती आणि मागच्या दाराकडे हात करून, ओठ ताणून ताणून म्हणत होती, "गो-टी. र-ड-तो."

मावशी मला बोलवायला धावत आली. मी पोचलो तेव्हा बाई दाराला कपाळ टेकून बसल्या होत्या आणि तळवा दारावर सपाट ठेवला होता. आतल्या मुठी त्यांना हातातून कळत होत्या. दाराला खाली फट होती. त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं आत सारली होती आणि गोटीने ती धरली होती. मी बिजागरीचे स्क्रू काढले. घाईत एक स्क्रू मोरीत गेला.

गोटी बाहेर आला. नाक वाहतंय, उचक्या चालू. बाई त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या.

"मला ऐकू आलं नाही रे. चुकलं माझं."

"मी मोट्याने रडलो," गोटी म्हणाला.

"हो. तू बरोबर रडलास. मलाच ऐकू आलं नाही."

मागे घोळका उभा होता. त्यातला एक जण गोटीला समजावत म्हणाला, "मागून रडायचं नसतं. पुढे येऊन रडायचं." गोटीला ते पटलं नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

तसं पाहिलं तर सगळं तिथेच मिटलं असतं. मावशीने फाटकावर गोटीच्या आईला सांगितलं, कडी अडकली होती, आजोबांनी काढली. खोटं काही नव्हतं. गोटीची आई बाईंपाशी आली, त्यांचा हात धरून म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून बरं. हा सांगत होता, तुम्ही त्याचा हात धरून बसलात. थँक्यू हं, बाई."

बाईंचा चेहरा मी पाहिला. त्या दिवशी मुलांनी वस्तूंना थँक्यू म्हटलं तेव्हा गोटीने ठणकावून सांगितलं होतं, "कडीला मी म्हणणार नाही." बाई त्याला म्हणाल्या होत्या, "नको म्हणू. जिचं काम झालं नाही तिला कशाला?" आता त्यांच्या हातात ते थँक्यू आलं होतं. ते घेऊन त्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबा जरा," आणि गोटीच्या आईला घेऊन सरळ मोठ्या मॅडमच्या खोलीत गेल्या.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं म्हणे. पण लहान मुलांचा मामला. त्यांनी ऑफिसमधलं काही काम देऊ केलं. बाई म्हणाल्या, "कागद मला हाक मारणार नाहीत." शेवटच्या दिवशी निरोप वगैरे काही नको, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मुलांनी रोजच्यासारखं पाणी झोपवलं, कुंडीला घातलं, थँक्यू म्हटलं. रेडिओ मात्र दिवसभर बंद होती. तिची पाळी आली तेव्हा ती नुसती बाईंच्या बुटांकडे बघत राहिली, आणि बाईंनी तिला घाई केली नाही.

मग वरची पावलं कमी झाली.

सकाळी बालवाडीच्या वेळी बाई तयार व्हायच्या, एवढं कळायचं. कपाट, खिडकी, पुन्हा कपाट. आणि त्यानंतर काही नाही. मी चहा करायचो आणि एक कप जास्त व्हायचा. वर जावं म्हणून जिना चढायचो, दारावर टकटक करायचो, थांबायचो, पुन्हा करायचो आणि उतरायचो. एकदा त्या भाजी घेऊन येताना जिन्यात भेटल्या. मी म्हटलं, "दाराला दिवा बसवून देतो. बाहेरून बटण दाबलं की आत दिवा लागेल. सोपं काम आहे."

"कोण दाबणार बटण?" त्यांनी विचारलं. कुत्सितपणे नाही, खरंच विचारलं.

मी म्हणू शकलो असतो, मी दाबीन. ते वाक्य घरात येऊन, पंखा लावून बसल्यावर सुचलं.

त्यांनी मला त्या दिवशी पिशवी ठेवायला आत बोलावलं होतं. खोली नीटनेटकी. दाराजवळ एक स्टूल आणि त्यावर तेच काचेचं पसरट भांडं. बालवाडीने नवं घेतलं होतं, जुनं त्यांना दिलं. भांड्यात पाणी. शेजारी एक खुर्ची.

"हे काय?"

"रेडिओचा प्रश्न राहिलाय ना," बाई म्हणाल्या. "तेव्हा वेळ मारून नेली. आता वेळच वेळ आहे."

"सापडलं काही?"

"खिडकी दिसते. मी दिसते. त्याच्यापुढे अजून नाही."

असे बरेच महिने गेले. एका दुपारी जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली, एक जड आणि एक उड्या मारणारं. दारावर टकटक झाली. पुन्हा झाली. एका बाईचा आवाज आला, "घरी नाहीत वाटतं. चल, पुन्हा कधी तरी येऊ." मी माझं दार उघडलं आणि जिन्याच्या तळाशी आलो. त्या आत आहेत, हे सांगायचं होतं. मी घसा साफ करत होतो.

"आई, असं नाही," वरून ओळखीचा आवाज आला. "बाईंना पायातून ऐकू येतं."

आणि धप्प. पुन्हा धप्प. माझ्या खोलीतला दिवा हलला.

बाई तेव्हा खुर्चीत होत्या. पाण्यातली खिडकी एकदम मोडली. आधी त्यांना वाटलं, आपलाच हात लागला. मग पायाखालची फळी पुन्हा थरारली, आणि त्या उठल्या.

दार उघडलं. रेडिओ आता मोठ्या शाळेच्या गणवेशात होती, पुढचे दोन दात पडलेले. ती एक पाऊल पुढे गेली, बाईंच्या हाताला हात लावला आणि बाई बघेपर्यंत थांबली. तिला थांबायला फार वेळ लागला नाही.

"बाई, पाणी उठलं?"

"उठलं."

"मी उठवलं."

मायलेकी अर्धा तास होत्या. मग तिला शिकवणी होती. जाताना ती जिन्यात मला म्हणाली, "स्क्रू आजोबा, तुम्ही खालीच राहता. तुम्हाला उडी मारता येत नाही का?" तिची आई तिला रागावली. पोरगी काही चुकीचं बोलली नव्हती.

संध्याकाळी वर पुन्हा शांत झालं. मी चहा केला, दोन कप ओतले आणि ते ताटलीत घेऊन वर गेलो. ताटली जिन्याच्या कठड्यावर ठेवली. आजूबाजूला कोणी बघत नाही ना, ते पाहिलं. या वयात उडी काही जमत नाही. पण कठडा धरून, उजवा पाय गुडघ्यापर्यंत उचलून जोराने आपटता येतो. गुडघा दुखला. कप खणखणले. तक्रार करायला खाली मीच राहतो.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी दारासमोर, त्यांना माझं तोंड दिसेल असा उभा राहिलो आणि थांबलो.